निकालानंतरच्या शेंगा

"मंजुरी आली का?"

सकाळी भेटल्यावर माणसं नमस्कार करतात, निदान "काय, कसं काय?" म्हणतात. आमच्या मॅडम डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि तो नाकावर चढायच्या आत विचारायच्या, "शिंदे, मंजुरी आली का?" मी "नाही" म्हणायचो. "बरं. मग चहा तरी येऊ द्या," असं म्हणून त्या कामाला लागायच्या. शिवाजीनगरच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं लघुलेखक होतो. ज्या दिवशी मी "आली" म्हणालो असेन असे दिवस बोटांवर मोजता येतील.

हेल्मेटचं आधी सांगतो, कारण कोर्टात त्यांना सगळे त्यावरूनच ओळखत. कोथरूडहून त्या जुन्या स्कूटरवर यायच्या आणि स्कूटर लावल्यावरही हेल्मेट न काढता फाटकापासून खोलीपर्यंत तशाच चालत यायच्या. उंची बेताची, त्यावर ते भलंमोठं लाल हेल्मेट आणि खाली वकिलाचा काळा कोट. मी एकदा धीर करून कारण विचारलं. म्हणाल्या, "वाटेत आरोपी भेटतात. त्यांच्याशी हसावं लागत नाही."

मॅडम सरकारी वकील होत्या. लाच घेताना पकडलेल्या सरकारी नोकरांचे खटले त्यांच्याकडे असत. आता हे मंजुरीचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समजा, एखादा कारकून लाच घेताना रंगेहाथ सापडला. नोटांना लावलेली पावडर त्याच्या बोटांना लागली, बोटं पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी झालं, ते पाणी दोन पंचांसमोर बाटलीत सीलबंद केलं. तरी त्याच्यावर लगेच खटला चालवता येत नाही. त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार ज्या साहेबाला आहे, त्याने आधी कागदपत्रं वाचून लेखी मंजुरी द्यावी लागते. त्यासाठी कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे. सरकारी कचेरीत मुदतीचं काय होतं, ते एकदा तरी तिथल्या बाकावर बसलेल्या माणसाला मी काय सांगावं?

"चोर धरायला चोराच्या काकांची परवानगी," मॅडम म्हणायच्या, "आणि काका रजेवर."

मंजुरीसाठी अडलेल्या फायली त्या कपाटात ठेवू देत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात रांगेने मांडून ठेवायला लावत. कपाटात गेलं की माणूस विसरतो, असं त्यांचं म्हणणं. कधीकधी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन त्या गुलाबी बाटल्याही बघून यायच्या. वर्षं गेली की त्या पाण्याचा रंग फिका होत जातो. पुराव्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल असतोच. तरी मॅडम परत आल्या की चेहऱ्यावरून मला कळायचं, आज कुठली तरी बाटली पांढरी पडलेली दिसली.

दरवर्षी एप्रिलमध्ये त्या सरकारला एक निवेदन पाठवायच्या. तीन पानं, आणि ती मीच टंकत असे. मागणी एकच. मुदतीत मंजुरी आली नाही, तर राज्याच्या महाधिवक्त्यांना थेट खटला भरण्याचा अधिकार असावा. दरवर्षी पावसाळ्यात उत्तर येई, 'आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आहे.' मॅडम ते वाचून मला परत देत. "पुढे म्हणजे कुठे हो? मंत्रालयाच्या पुढे समुद्रच आहे."

कोर्टातले वकील त्यांची थट्टा करत. मीही एकदा डबा खाताना बोलून गेलो. "मॅडम, समजा दिला अधिकार. वरचे वकील तरी देव आहेत का? ज्याच्यावर राग, त्याच्यावर खटला."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी पोळीचा घास हातातच ठेवला आणि थोडा विचार केला.

"खरं आहे. चुकतील तेही. पण चुकले तर खाली सही कोणाची ते दिसेल. आज एखादी फाईल अडली की विचारून बघा कोणी अडवली. खालचा म्हणतो वरून आली नाही, वरचा म्हणतो खालून आली नाही. चुकीला मालकच नाही. शिंदे, मला अधिकाराची हौस नाही हो. चुकीखाली कोणाची तरी सही असावी, एवढंच म्हणणं आहे."

हे वाक्य पुढे माझ्याच मानेवर बसणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती. मी लोणचं वाढून घेतलं.

खिडकीतल्या फायलींपैकी एक कौशल्याबाईंची होती. कात्रजच्या पलीकडचं त्यांचं गाव शहरात आलं, म्हणजे कर आला आणि पाणी यायचं राहिलं. नळजोडासाठी अर्ज केला तेव्हा महापालिकेच्या कचेरीतल्या कारकुनाने पैसे मागितले. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या या बाईने कोणाला न विचारता थेट तक्रार केली आणि कारकून सापळ्यात सापडला. पुढे तो निलंबित झाला आणि निलंबन संपल्यावर त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर परत येऊन बसला. कराची पावती घ्यायला कौशल्याबाईंना त्याच्याच समोर उभं राहावं लागे.

"त्यो मला चहा इचारतो, म्याडम," त्या सांगायच्या. "म्हनतो, मावशी, बरं हाय न्हवं? समदी बघत्यात. गावात म्हनत्यात, म्हातारीनं उगा पोराचं नाव खराब केलं. त्यो खुर्चीवर आन मी खोटी."

त्यांना बाकी काही नको होतं. आपण खोटं बोललो नाही, एवढं कोणीतरी मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणावं, इतकीच त्यांची मागणी होती.

दर थंडीत त्या पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊन यायच्या. घरामागच्या कुंपणावर त्यांचा वेल होता. मॅडम पिशवीला हातही लावत नसत.

"कौशल्याबाई, आता नको. उद्या आरोपीचा वकील म्हणेल, सरकारी वकील शेंगांवर काम करतात."

"शेंगांची कसली लाच, म्याडम?"

"ते त्याला सांगायची वेळ नको यायला. निकाल लागला की आणा. तेव्हा पिशवीसकट घेईन."

कौशल्याबाई पिशवी उचलून घरी नेत. इतक्या लांब बसने आणलेल्या शेंगा तशाच परत जाताना मला फार वाईट वाटे. मी एकदा "मी घेतो" म्हणालो, तर मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचा आठवडाभर मी पावट्याचं नाव काढलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मंजुरी लवकर यावी म्हणून आमच्याकडून त्या साहेबांना आदेशाचा एक मसुदा जाई. त्यांनी कागदपत्रं वाचायची, मसुदा नीट करायचा आणि सही करायची. मॅडम त्यात चौथ्या परिच्छेदात तीन ओळी कोऱ्या ठेवायला सांगत. तिथे साहेबाने आपलं मत स्वतः लिहायचं. एका जुन्या खटल्यात मसुदा सही होऊन परत आला तेव्हा त्या तीन ओळी कोऱ्याच होत्या. म्हणून कौशल्याबाईंच्या वेळी मी डोकं चालवलं. कोऱ्या जागेत मी कंसात एक सूचना टाकली: 'येथे सक्षम प्राधिकाऱ्यांनी कागदपत्रे वाचून आपले मत स्वतःच्या शब्दांत लिहावे.' मॅडमनी मसुद्यावर सही केली आणि तो गेला.

चौदा महिन्यांनी मंजुरी आली. मी "आली" म्हणालो तेव्हा मॅडमनी चहाबरोबर क्रीमरोल मागवले. आदेश घाईतच पाहिला, सही-शिक्का बघितला, खटला उभा राहिला.

साहेब साक्षीला आले. आरोपीच्या वकिलाने त्यांना आदेशातला चौथा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. साहेबांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "येथे सक्षम प्राधिकाऱ्यांनी कागदपत्रे वाचून आपले मत स्वतःच्या शब्दांत लिहावे."

"हे आपले स्वतःचे शब्द का?" वकिलाने विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

त्यांच्या कचेरीने माझा मसुदा कंसासकट जसाच्या तसा उतरवला होता आणि साहेबांनी खाली सही ठोकली होती. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशसुद्धा तोंडावर हात धरून बसले. मग त्यांनी विचारलं, "मूळ मसुदा कोणी तयार केला?"

मी मॅडमच्या मागेच वही घेऊन बसलो होतो. उठून बोलायला फार तर दोन पावलं टाकावी लागली असती. मी उठलो नाही.

"मसुदा माझा आहे," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या.

मंजुरी रद्द ठरली आणि आरोपीला सोडलं. नवी मंजुरी आणून पुन्हा खटला भरायला मोकळीक होती, पण म्हणजे सगळं पहिल्यापासून. बाहेर बाकावर कौशल्याबाई बसल्या होत्या. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"सुटला व्हय त्यो?"

"सध्या सुटला. चूक माझी झाली, कौशल्याबाई. पुन्हा आणू मंजुरी."

कौशल्याबाई म्हणाल्या, "असूंद्या. भाकर करपती कवा तरी."

संध्याकाळी स्कूटरपाशी मी मॅडमना गाठलं. "मॅडम, ती ओळ..."

"शिंदे, मुलीची बारावी आहे ना यंदा? घरी जा." त्यांनी हेल्मेट चढवलं. "आणि यापुढे कंस नको."

बास, एवढंच. त्यानंतर कुठलाही मसुदा समोर ठेवला की त्या विचारायच्या, "कंस काढले?" अगदी ज्या कागदात कंसाचा प्रश्नच नव्हता, तिथेही. ऑफिसातली मंडळी हसत. मीही हसायचो, पण आतून मला लाज वाटायची आणि ती कमी झाली नाही.

त्याचं कारणही सांगून टाकतो. त्या वर्षी मॅडमना बढती मिळून मुंबईला जायचं होतं. त्यांचं निवेदन दरवर्षी ज्या टेबलावर जाई, त्याच टेबलामागच्या खुर्चीवर. इतकी वर्षं त्या जे मागत होत्या, त्यावर शेरा मारायचा अधिकार त्यांच्याच हातात आला असता. मसुद्याबद्दल त्यांना लेखी खुलासा विचारला गेला, त्यांनी 'जबाबदारी माझी' असं एका ओळीत उत्तर दिलं आणि बढती दुसऱ्या कोणाला गेली. चुकीखाली सही असावी म्हणणाऱ्या बाईंनी माझ्या चुकीखाली स्वतःची सही केली, आणि मी ती करू दिली.

पुढच्या एप्रिलमध्ये निवेदन नेहमीसारखंच गेलं.

नवी मंजुरी यायच्या आत त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्यांच्या निस्पृहतेचे गोडवे गायले. उत्तरादाखल त्या उभ्या राहिल्या, "आभारी आहे. मंजुरी आली की कळवा," म्हणाल्या आणि बसल्या. त्यानंतर दर शनिवारी सकाळी त्यांचा फोन येई. प्रश्न तुम्हाला माहीत आहे.

आणि एक दिवस त्या साहेबांच्या खात्याकडून पत्र आलं. पूर्वीच्या मसुद्यातल्या त्रुटीची जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय नव्या मंजुरीचा विचार करता येणार नाही. आणि ज्यांनी जबाबदारी स्वीकारली त्या अधिकारी आता सेवेत नसल्यामुळे जबाबदारी निश्चित करता येत नाही. सबब, प्रस्ताव बंद का करू नये? चोराच्या काकांनी मॅडमच्या निवृत्तीचासुद्धा उपयोग करून घेतला होता.

सेवेत असलेला माणूस हवा होता. असा माणूस एकच होता आणि त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. बायको म्हणाली, "आता कशाला ओढवून घेताय? पेन्शन अडकवतील." तिचं चूक नव्हतं. मी दोन दिवस ते पत्र बॅगेत घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी कराची पावती घ्यायला गेलेल्या कौशल्याबाई परस्पर कोर्टात आल्या. आरोपीला मोठी खुर्ची मिळाली होती आणि त्याने पेढे वाटले होते, त्यांनाही दिला होता. तो पेढा त्यांनी तसाच कागदात बांधून आणला होता. "ह्येचं काय करू?" त्या म्हणाल्या. मी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि लिहायला बसलो.

'सदर ओळ मी स्वतः मसुद्यात घातली होती. मॅडमना त्याची कल्पना नव्हती.' खाली नाव, हुद्दा, सही. कंस नाही.

पाठवण्याआधी ते घेऊन मी कोथरूडला गेलो. मॅडम धाकट्या बहिणीबरोबर राहत. त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाले. इतक्या वाळल्या होत्या की दारातल्या खुंटीवरचं ते लाल हेल्मेट आता त्यांना चौपट मोठं झालं असतं.

त्यांनी कागद दोनदा वाचला.

"पहिलं वाक्य ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं खोटं आहे."

"म्हणजे?"

"मसुदा वाचल्याशिवाय मी सही करीन का हो? तुमचा कंस मी वाचला होता. मला हसू आलं होतं. म्हटलं, बरं झालं, आता तरी तिथे काहीतरी लिहितील." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं होतं, ती माणसं निदान वाचतील. तीच माझी चूक."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत? मी समजत होतो, सगळी चूक माझीच."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आपले खाली मान घालून बसायचात. मला वाटायचं, कंस लागला असेल मनाला. म्हणून तर रोज विचारायचे."

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस परक्या घरात रडतो म्हणजे काय दिसत असेल. मॅडमच्या बहिणीने पाणी आणून दिलं. मॅडमनी दुसरं वाक्य खोडलं, त्या जागी लिहिलं, 'मी मसुदा वाचून त्यावर सही केली होती,' आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. निवृत्त माणसाच्या सहीला सरकारदरबारी काय किंमत, पण तो कागद मी तसाच पाठवला.

मला लेखी ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ रोखली गेली. पेन्शन अडकलं नाही. पाच महिन्यांनी मंजुरी आली. साहेब नवे होते. चौथ्या परिच्छेदात त्यांनी पेनाने, स्वतःच्या गिचमिड अक्षरात साडेचार ओळी लिहिल्या होत्या, त्यातही एक शब्द खोडून दुसरा केला होता. तो खोडलेला शब्द पाहून मला जो आनंद झाला, तो तुम्हाला सांगून कळणार नाही. मी सवयीने समोरच्या टेबलाकडे बघितलं. मॅडमना जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

खटला एका तरुण सरकारी वकिलांनी चालवला, चांगला चालवला. आरोपीच्या वकिलाने ती बाटली उंच धरली. पाणी पार पांढरं झालं होतं. "यात रंग कुठे आहे, बाई?" त्याने कौशल्याबाईंना विचारलं.

"रंग गेला आसंल, सायेब," त्या म्हणाल्या. "मी हाय न्हवं?"

हिवाळ्यात निकाल लागला. आरोपीला शिक्षा झाली. तो अपिलात जाणार हे उघड आहे, तेही चालेल चार वर्षं. पण न्यायाधीशांनी भरल्या कोर्टात वाचलं की तक्रारदार बाईंची साक्ष खरी आणि विश्वासार्ह आहे. कौशल्याबाईंना तो शब्द कळला नाही. मी म्हणालो, "तुम्ही खरं बोललात, असं जजसाहेब म्हणाले." त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मग त्यांनी बाकाखालून पिशवी काढली. शेंगा गच्च भरल्या होत्या.

"मावशी, मॅडम तर..."

"ठावं हाय मला. तूच न्हाई का सांगितलंस? पर त्या म्हनल्या व्हत्या, निकाल लागला की आना."

मी ती पिशवी घेऊन कोथरूडला गेलो. मॅडमच्या बहिणीने दार उघडलं, पिशवीत डोकावून बघितलं आणि काही न विचारता जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. पिशवीसकट ठेवून घ्या, असं मी म्हणालो, तेव्हा त्या हसल्या. मॅडमनी त्यांना ते सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलायला लागलो. खुंटीवर हेल्मेट होतं. निम्म्या शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "किती आहेत हो या! थोड्या तुम्हीही घेऊन जा घरी."

मी "घेतो" म्हणालो.